शाल, नारळ आणि लॅपटॉप

आमच्या थोरल्या भावजींइतके कोर्स या पृथ्वीतलावर कुणी सुरू केले नसतील आणि त्यांच्याइतके कुणी अर्धवटही ठेवले नसतील. अर्धवट म्हणजे तरी कसे, तर फक्त शेवटचा धडा बाकी. चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून कुरुळीच्या घरात बसून ते लॅपटॉपवर फुकटचं शिक्षण घेत होते. मधमाशीपालन, रोबोट, जपानी भाषा, काहीही चालायचं. जपानीच्या दिवसांत ते दूधवाल्याला कमरेत वाकून नमस्कार करत, आणि आपलं काय चुकलं या भीतीने तो बिचारा दोन थेंब जास्तच घालून जाई.

अभ्यास पहिल्या शिफ्टच्या वेळेला, कंपनीचा जुना शर्ट इस्त्री करून. चहाला उठायचं तर आधी पडद्यावरच्या बाईंना हात वर करून विचारायचं. "अहो, ती बाई रेकॉर्ड केलेली हाय! तिला काय दिसतोय व्हय तुमचा हात?" जाऊबाई ओरडायच्या. "तिला न्हाई, पर मला दिसतोय ना," हे उत्तर. माझ्या नवऱ्याने एकदा व्हिडिओ दुप्पट वेगाने लावायला सुचवलं, तर म्हणाले, "लाइन पळवली की माल रिजेक्ट होतो."

मग जवळच्या प्रशिक्षण केंद्राला नव्या पोरांना मोजमाप शिकवणारा माणूस हवा झाला. या कामासाठी भावजी झुरत होते. अट एकच, 'शिकवावं कसं' या फुकट कोर्सचं प्रमाणपत्र सोमवारी दाखवायचं. आणि तो कोर्सही शेवटच्या धड्यापाशी अडकलेला. जाऊबाईंनी मला सांगवीहून बोलावून घेतलं. घरात कडक बोलायचं खातं माझ्याकडे आहे.

"भावजी, बटण दाबा."

"उद्या बघू."

"उद्या रविवार. परवा ते दुसरा माणूस घेतील. अडचण काय आहे?"

बराच वेळ ते चार्जरची वायर गुंडाळत बसले. मग म्हणाले, "कंपनीत माझा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. साहेब तर रडले. दुसऱ्या दिवसापासनं एकाचा फोन न्हाई. शेवटचा तास झाला की माणूस संपतो बघ."

मला रडारड जमत नाही. मी जाऊबाईंकडून शाल आणि नारळ मागून घेतला आणि लॅपटॉपपुढे ठेवला. "बाईंना रीतसर निरोप द्या आणि मोकळे व्हा."

भावजींनी उभं राहून भाषण केलं. बाईंच्या आवाजाचं, फळ्यावरच्या अक्षराचं कौतुक केलं. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी बटण दाबलं. धडा सुरू झाला, संपला, बाई हसून "शुभेच्छा" म्हणाल्या आणि पडदा काळा झाला. भावजींनी हात वर केला, तो जरा वेळ तसाच राहिला.

काम मिळालं. त्यांची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुरुळीला गेले होते. भावजी ओट्यावर बसून एकेका पोराला फोन लावत होते.

"काय न्हाई रे, काम न्हाई काही. जेवलास का, येवढंच इचारायचं होतं."