दाखवायचे दात

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसू येईलच याची खात्री मी देत नाही. माझ्या मूर्खपणाचे किस्से पुष्कळ आहेत, पण हा सांगताना अजून दात शिवशिवतात.

लॉकडाऊनचा पहिला हिवाळा. मी बेस्टमध्ये, आइंडहोवनला खेटून आहे ते डच गाव. वय छत्तीस, नोकरी चिप बनवायच्या यंत्रांची, लग्न नाही. दिवसभर व्हिडिओ कॉल. ऑफिसात निदान दुसऱ्यांची तोंडं बघावी लागायची, आता स्वतःचंही बघावं लागायला लागलं. नऊ-नऊ तास! त्यात मला शोध लागला की आपले दात पिवळे आहेत. थोडेथोडके नाहीत, हळदीत बुडवून काढल्यासारखे.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण नेमकं तेव्हाच केतकीचं स्थळ आलं. सांगलीची, तेहतीस वर्षांची, स्वतःचा दवाखाना चालवणारी. तीन आठवडे आम्ही फोनवर बोलत होतो, आणि खरं सांगतो, मला ती मनापासून आवडली होती. आईने दाखवलेल्या मुलींपैकी जिचा फोन यावा म्हणून मी वाट बघितली, अशी ही पहिलीच. विमानं बंद, म्हणून पाहण्याचा कार्यक्रम ऑनलाइन ठरला.

दवाखाना कसला, विचारा की. दातांचा.

म्हणजे बघा, सोनाराकडे जाताना कोणी पितळेची अंगठी घालून जातं का? मी दात पांढरे करायचं जेल मागवलं. इथल्या दुकानातलं अगदीच मिळमिळीत असतं म्हणे, म्हणून बाहेरून चांगलं कडक मागवलं. साच्यात जेल भरायचं, साचा दातांवर बसवायचा, रोज अर्धा तास, चौदा दिवस. गुरुवारी पार्सल आलं आणि पाठोपाठ आईचा पुण्याहून फोन.

"अरे, त्या ठरलेल्या रविवारी अमावास्या आहे. मी त्यांना हाच रविवार सांगितलाय."

"आई, हा म्हणजे परवा-तेरवा!"

"मग? तुला काय शालू नेसायचाय?"

आता मी पडलो इंजिनिअर. चौदा गुणिले अर्धा म्हणजे सात तास. शुक्रवार-शनिवारमध्ये सात तास बसवायचे, एवढाच प्रश्न. ऑफिसात कोणी असलं गणित मांडलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

शुक्रवारी कॅमेरा बंद करून, तोंडात साचे घालून मीटिंगा केल्या. मॅनेजरने काहीतरी विचारलं, मी "म्म" केलं. त्या एका "म्म"वर दुसऱ्या टीमचं अख्खं काम माझ्या गळ्यात पडलं.

शनिवारी सायकलवरून पोहे आणायला निघालो. कारण आईचा हुकूम: तिन्ही घरी पोहे-चहा करायचा, रिकाम्या तोंडाने पाहण्याचा कार्यक्रम होत नाही. समोरून वारा आला आणि खालच्या दातांतून अशी कळ निघाली की मी सायकलच्या रस्त्यातच थांबलो. मागच्या बाईंनी डचमध्ये जे काही सुनावलं ते न कळताही पटलं. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण जेलचे दोन तास शिल्लक होते ना! घरी येऊन तेही पुरे केले.

रविवार. एका चौकोनात आई, एकात केतकी आणि तिचे वडील, एकात मी, पांढराशुभ्र. केतकीने पहिल्याच मिनिटाला तोंड स्क्रीनजवळ आणून निरखून बघितलं. मला वाटलं, छाप पडली.

"तोंडाला काही झालंय का तुमच्या?" तिने विचारलं.

"नाही, नेटवर्क असेल."

थोडं इकडचं तिकडचं झालं आणि ती सरळ मुद्द्यावर आली. "तिकडे मला लगेच प्रॅक्टिस करता येणार नाही. आधी डच शिकायचं, मग परीक्षा. दोन-तीन वर्षं मी फक्त अभ्यास करणार. चालेल ना तुम्हाला?"

उत्तर तयार होतं. चालेल, धावेल, मी डबे करून देईन. फक्त त्याआधी चहाचा एक घोट घेतला. गरम.

काय सांगू! कळ दातातून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत. तोंड वाकडं, डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले, कारण श्वास घेतला तरी वारा लागत होता. केतकी बघतेय. तिचे वडील बघतायत. आणि आमच्या मातोश्री मदतीला धावल्या.

"त्याचं काय आहे, त्याला घरी करणारं माणूस हवंय हो. किती वर्षं एकटा हाल काढतोय."

मी जोरजोरात मान हलवली. आईला वाटलं, हो म्हणतोय.

"नक्की काय होतंय तुम्हाला?" केतकीने परत विचारलं.

"जीभ भाजली," मी कसंबसं म्हणालो.

तिच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि "बघू, कळवतो" म्हणाले. हे वाक्य मी याआधी चार वेळा ऐकलेलं आहे.

तासाभराने तिचा फोन आला. "आता कोणी नाहीये. सांगा, काय झालं होतं?"

आता तरी सांगावं ना? मी म्हणालो, "डोकं दुखत होतं."

ती म्हणाली, "जेल किती तास लावलंत?"

"...सात. दोन दिवसांत."

"अरे देवा." तिने उसासा टाकला. "पिवळं दिसतं ते दाताच्या आतलं, डेंटिन. सगळ्यांचंच पिवळसर असतं ते. वरच्या कवचातून औषध तिथे झिरपतं आणि बारीक नळ्यांतून थेट नसेपर्यंत जातं. तुमची नस चिडलीय."

"मरेल का?"

"नाही. जेल फेकून द्या, शिवशिवीची पेस्ट लावा, गरम-गार टाळा. पंधरा दिवसांत दुखणं जाईल. नाही गेलं तर तिकडच्या डेंटिस्टना दाखवा."

"आणि आपलं?"

"हिरड्यांवरचे पांढरे चट्टे मला पहिल्या मिनिटाला दिसले होते. रोज बघते हो मी. तीनदा विचारलं तुम्हाला. नेटवर्क, जीभ, डोकं. एवढ्याशा गोष्टीला तीन थापा. मी दवाखाना बंद करून तुमच्या शब्दावर परक्या देशात यायचं, ते कसं?"

"लाज वाटली मला."

"तेच वाईट वाटतंय. बाकी सगळ्या मुलांनी फोटो चकचकीत करून पाठवले होते. तुम्ही एकटे पिवळ्या दातांनी खदाखदा हसत होतात. मी बाबांना म्हटलं होतं, याला भेटू या, हा काही लपवणारा दिसत नाही."

फोन ठेवल्यावर मी खूप वेळ रडलो. त्या वेळी समोर चहा नव्हता.

तिने सांगितलं तसंच झालं, दुखणं पंधरा दिवसांत गेलं. दात पुन्हा पहिल्यासारखे पिवळे व्हायला मात्र आठ महिने लागले. तोवर तिचं लग्न झालं होतं.