इस्तूचं सुतक

आमची बैलगाडी गावाबाहेर पडली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. मुद्दाम उजेडी निघालो, कारण आम्ही काही चोरून चाललो नव्हतो. गाडीत काय काय चढवलं ते मी दोनदा मोजलं होतं: जातं, तवा, तीन पितळी भांडी, दोन घोंगड्या, ज्वारीचं पोतं, लोणच्याची बरणी. मला पाचवा महिना होता.

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, दर्यापूरच्या अलीकडे. निरोपाला दोन्हीकडचे येऊ शकले असते, पण कोणी आलं नाही. एकटी आई शिवेवर, कपाशीच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर उभी होती. गाडीजवळ यायला तिला बंदी होती, म्हणून तिथूनच ओरडली, "सगुणा, दचके बसतीन! त्याले सांग, गाडी हळू हाक!" आणि गाडी पुढे गेल्यावर, "मांगं पाहू नको व, मले सोसत नाही."

मी मागे पाहिलं नाही. आता वाटतं, एकदा पाहायला हवं होतं.

हे मी दोघांसाठी लिहिते आहे. गावात राहिलेल्यांसाठी, कोणी ओसरीवर वाचून दाखवलं तर ऐकावं म्हणून. आणि आमच्यासारखे घर सोडून ख्रिस्ती मंडळीत आलेत त्यांच्यासाठी. त्यांच्यातल्या नव्या बाया मला विचारतात, "मार्थाबाई, तुमचा विश्वास इतकी वर्षं कसा टिकला?" त्यांना वाटतं माझ्याकडे काही उपाय आहे. मंडळीच्या भांड्यांची यादी माझ्याकडे असते, आजाऱ्यांची यादी असते, कोणाच्या घरी कोणत्या दिवशी जायचं ते मी लिहून ठेवते. अशा बाईकडे याचीही यादी असेल, असं त्यांना वाटतं. नाही.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेला आमच्या काळ्या रानातला कापूस हवासा झाला. गावातल्या लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. माझे घरधनी कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला जात. त्यांचं नाव गोविंदा. तेव्हा मी ते घेत नसे, आता घेते. तिथे बाजाराशेजारी लिंबाखाली एक पाद्री बोलत असे. गाड्या खाली होईपर्यंत गोविंदा ऐकत बसे. असं दोन हंगाम चाललं. तिसऱ्या हंगामात घरी येऊन म्हणाला, "मले हे खरं वाटून राहिलं, सगुणे." मला तेव्हा खरं-खोटं काही वाटलं नव्हतं. नवरा जाईल तिकडे जायचं, एवढं ठाऊक होतं. अमरावतीला दोघांचा बाप्तिस्मा झाला. माझे हात कधी रिकामे नसतात म्हणून पाद्रीच्या मडमबाईंनी मला बायबलातल्या कामसू बाईचं मार्था हे नाव दिलं. परत आलो तर विहिरीवरचा आमचा दोर कापलेला होता. न्हावी येईना, कापूस वेचायला बाया येईनात. झाडावर कापूस फुटून लोंबत राहिला. साऱ्या गावाला बरकत आली त्या सालची ही गोष्ट.

मुलगी अमरावतीत झाली. पाद्रीसाहेबांनी पुस्तकात एस्तेर लिहिलं, आम्ही इस्तू म्हणायचो. ती दीड वर्षाची असताना गोविंदाला अकोल्याला वखारीत काम मिळालं. मी रेच्यावर बसू लागले. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायचं हातयंत्र. एका ओळीत वीस बाया बसायच्या आणि तोंडं हातांपेक्षा जोरात चालायची. शेजारची भागी रोज छेडायची, "काय व मार्थाबाई, तुया देव सायबाचा. त्याले वऱ्हाडी समजते का?"

"समजते सारं," मी म्हणायची. "तुया नवऱ्यावानी, उत्तर देत नाही फक्त."

बाया हसायच्या, मीही हसायची. तेव्हा ती थट्टा होती.

इस्तू तीन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात अकोल्यात पटकी आली. इस्तूला सकाळी जुलाब सुरू झाले, दुपारी डोळे खोल गेले. अकोल्याच्या पाद्रीसाहेबांची औषधाची बाटली आणली, दिली. गुडघ्यावर बसून प्रार्थना केली. मग गोविंदाला तिच्याजवळ बसवलं, दहीभात कालवला, हिरवा खण घेतला आणि गावाबाहेर मरीआईच्या ठाण्यावर ठेवून आले. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या आईनं, तिच्या आईनं पटकी आली की जे केलं, ते माझ्या पायांनी केलं. परत आले तेव्हा इस्तूचे हात गार होते. दिवेलागणीला ती गेली.

मंडळीच्या आवारामागे तिला पुरलं, इथल्या नोंदीच्या पुस्तकात तिचं नाव लिहिलं. मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, आमचे मास्तर होते, नगरकडचे. एवढीशी पेटी त्यांनी एकट्यानं खांद्यावर नेली.

मरीआईची बातमी लपली नाही, भागीनंच पाहिलं होतं. पंधरा दिवसांनी, उपासना संपल्यावर मास्तरांनी मला उभं केलं.

"मार्थाबाई, तुम्ही मरीआईला गेला होतात असं ऐकतो. खरं का?"

"खरं आहे."

"त्याचा पश्चात्ताप होतो?"

इथल्या मडमबाई मान हलवून मला खुणावत होत्या, हो म्हण. एक 'हो' म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. मी म्हणाले, "आधी तुमच्या देवाले मांगितलं. मंग तिले मांगितलं. दोघांनीही ऐकलं नाही. कायचा पश्चात्ताप करू?"

सहा महिने मला प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं वाटतात ती भाकर, बंद झालं. बसायची जागा मागे, दाराशी.

गोविंदा पुढच्या आठवड्यात गावी जाऊन आला आणि उंबऱ्यात बसूनच म्हणाला, "चाल घरी. पंचांसंगं बोलून आलो. शुद्ध करून घेतीन, जातीले जेवण द्या लागन. विहीर मोकळी होते. तुया मायनं सांगितलं, घेऊन ये तिले."

आईचं नाव निघताच मी उठलेच. घोंगडी झटकली, भांडी एका जागी केली. आता सांगायला लाज नाही, मी जाणार होते. सहज विचारलं, "तेथं इस्तूचं सुतक किती दिवस धरतीन? दहाच्या दहा?"

तो उंबऱ्याजवळची माती नखानं उकरू लागला.

"काहून बोलत नाही?"

"पंच म्हंते, तिचं सुतक नाही. जातीत जन्मली नाही, तं जातीत मेली कशी? तिचं नाव काढू नका म्हंते."

"अन् तू काय म्हटलं?"

"म्या काय म्हणू? सारेच म्हणून राहिले होते."

आपल्या लोकांत वीतभर बाळ गेलं तरी घर विटाळ धरतं. चूल बंद राहते, शेजारी भाकरी आणून देतात. ते माणूस आपलं होतं हे सांगायची आपली रीत ती. माझ्या लेकीला ती रीत मिळणार नव्हती. मला घरी जायचं तर आधी ती झालीच नव्हती असं व्हायला हवं होतं. मी भांडी पुन्हा मांडली. गोविंदा दुसऱ्या दिवशी एकटा गेला. ज्यानं मला इथे आणलं तो परत गेला आणि मागून आलेली मी राहिले. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं, त्याला मुलं आहेत. मी त्याला दोष देत नाही. एकट्यानं राहणं काय असतं ते मला माहीत आहे.

सहा महिने मी दाराशी बसले. मडमबाई म्हणत, संकटात प्रभू जवळ येतो. आला असेल, मला कळलं नाही. रविवारी लुगडं धुतलेलं नेसायचं, जायचं, बसायचं, ऐकायचं, परत यायचं, एवढंच मला जमलं. शिक्षा संपली त्या दिवशी भाकर हातावर आली, ती मी खाल्ली. ती नुसती भाकर लागली. मास्तरांचे डोळे भरले होते, माझे कोरडे.

नव्या बायांनो, तुम्हाला आनंदाच्या साक्षी पुष्कळ ऐकायला मिळतील. माझं ऐकायचं तर असं आहे. मेलेले उठतील, असं बायबलात लिहिलं आहे. ते खोटं असेल तर पंच खरे ठरले आणि माझी इस्तू कोणाचीच कोणी नव्हती. मला ते मान्य नाही. माझा विश्वास इतकाच आहे. तो वाढवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, वाढला नाही. ज्या लोकांनी मला दाराशी बसवलं त्यांच्याच नोंदीच्या पुस्तकात 'एस्तेर, गोविंदा व मार्था यांची मुलगी' असं लिहिलं आहे. ती ओळ मी अजून अधूनमधून जाऊन पाहते. कोणी खोडली नाही.

आई गेल्याचं मला नऊ महिन्यांनी कळलं, बाजारात, गावाकडच्या एका गाडीवानाकडून. तो म्हणाला, "तुमाले कोणी सांगतलं नाही? मायबाई त आखाडातच गेली." खोलीवर येऊन मी चूल विझवली आणि दहा दिवस पेटवली नाही. मंडळीत हे चालत नाही. मास्तर एकदा येऊन विझलेली चूल पाहून गेले. संध्याकाळी त्यांच्या घरून भाकरी आली.

आता अकोल्याला आगगाडी येते, कापूस दाबायचे कारखाने आहेत. स्टेशनावर कोणी विचारतं, "बाई, गाव कोणतं?" मी गावाचं नाव सांगत नाही. तिथे माझं सुतक कोणी धरणार नाही. अकोलाही सांगवत नाही, इथे मी अजून बाहेरचीच. घर म्हणून मी जिथे जाते ती जागा आवारामागे आहे, जेमतेम तीन हात लांबीची. ही काळी माती उन्हाळ्यात उलते. वैशाखात इस्तूवर अशा भेगा पडतात की माझा हात कोपरापर्यंत आत जातो. मी नदीकाठची वाळू आणि माती पाटीनं आणते आणि भेगा भरते. मागच्या वर्षी तीन पाट्या लागल्या. यंदा ऊन जास्त आहे, चार धरून ठेवल्या आहेत.