लहान देशाचा वचक

संरक्षणशास्त्राच्या एम.ए.ला माझ्या प्रबंधाचा विषय ठरत होता. टेबलापलीकडे विभागातले दोन सर. नगरच्या या कॉलेजात मी फारशी बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत अडखळते, आणि इंग्रजीत बोलले की वर्ग म्हणतो, "आल्या मॅडम!"

"लहान देशांचं संरक्षण?" मोठ्या सरांनी विचारलं. "अगं, लहान देशाचा कसला आलाय वचक? शेजाऱ्याच्या मर्जीनं राहायचं. भिंगारच्या लष्करी छावणीजवळची ना तू? रणगाड्यांच्या आवाजात वाढलीस. मोठ्या फौजेवर लिही की."

दुसरे सर हसले.

पाथर्डीकडे आमची थोडी जिरायत आहे. शेजारचा मोठा शेतकरी दर नांगरटीला आमचा बांध एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, कोरायचा. एका तासासाठी कोण भांडणार, असं वडील म्हणायचे. शेजाऱ्यालाही ते ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर यायच्या आधीच मी बांधावर जाऊन बसले.

"ताई, सरका की. नांगर लागंल," ड्रायव्हर म्हणाला.

"लागू दे."

"मालक मला वरडत्यात वो."

"मग त्यांनाच बोलवा."

मालक आले. "वकिलीन झाली का काय पोरगी?" मी हलले नाही. हात मांडीखाली दाबून धरले. मला उचलून बाजूला करणं त्यांना जड नव्हतं. पण सगळ्या शिवारादेखत मुलीच्या अंगाला हात लावायचा, तोही एका तासासाठी? शिव्या देत त्यांनी ट्रॅक्टर वळवायला लावला.

सरांना यातलं काही सांगितलं नाही. मी एवढंच म्हणाले, "सर, लहान देशाला जिंकायचं नसतं. घुसणाऱ्याला महाग पडेल एवढी तयारी ठेवायची. पूल उडवायची सोय, घराघरात लढायला शिकवलेली माणसं. आणि हे हलणार नाहीत, हे समोरच्याला आधीच पटलं पाहिजे."

"आणि तरी तो आला तर?" मोठ्या सरांनी विचारलं.

"तर वचक फसला. मग लढायचं. पण आधीच त्याच्या मर्जीनं राहिलो, तर त्याला यायचीही गरज नाही."

"विषय बदलून ये," म्हणत ते दुसऱ्या सरांकडे वळले. "पुढच्याला बोलवा."

मी उठले नाही. हात पुन्हा मांडीखाली गेले होते.

"काय गं?"

"विषय हाच आहे, सर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मार्क कमी पडले तर माझ्याकडे रडत यायचं नाही," मोठे सर म्हणाले.

"नाही येणार," मी म्हटलं, आणि मग उठले.