टीव्हीवरच्या बागेतलं गवत

माझी नात सहावीत आहे. तिचे आईबाप दोघंही कंपनीत, त्यामुळे दुपारी ती शाळेतून आली की घरात आम्ही दोघीच. वाढलेलं निमूट जेवायची. काही विचारलं तर ‘हं’ म्हणायची. माझ्याशी बोलायची ती फक्त टीव्हीवरच्या बागेबद्दल.

तो खेळ साधा आहे. पडद्यावर रिकामी जागा मिळते. तिथं झाडं लावायची, पाणी घालायचं. एखाद्या प्राण्याला हवं ते बागेत असलं तर तो येऊन राहतो. प्राणीही जगात कुठं नसलेले. पंखवाला बेडूक, छत्रीएवढ्या कानांचा ससा. मला त्यात काही राम वाटला नाही. पण त्या निमित्तानं पोरगी सोफ्यावर मला चिकटून बसायची, म्हणून मी बटणं शिकले. पाणी कुठलं, खुरपं कुठलं.

तिला एक निळा कोल्हा हवा होता. तीन आठवडे वाट बघायला लावून तो आला, त्या दिवशी तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. त्याआधी कधी टाकले होते, मला आठवत नाही.

मग ती शाळेच्या सहलीला दोन दिवस गेली. जाताना म्हणाली, “आजी, रोज पाणी घाल हां. बाकी कशाला हात लावू नकोस.”

“व्हय गं बाई, कळतंय मला. चौथीपर्यंत शिकलेय.”

“म्हणूनच सांगते.”

पहिल्या दिवशी पाणीच घातलं. दुसऱ्या दिवशी कुंपणाकडचं गवत डोळ्यांत खुपायला लागलं. गुडघाभर माजलं होतं.

चाकणजवळची आमची जमीन कारखान्यात गेल्यावर ठेकेदारानं मला तिथंच कामाला घेतलं. आमच्याच रानावर कंपनीनं हिरवळ लावली होती, तिच्यातलं तण मी बारा वर्षं उपटलं. सुपरवायझर मागून बघत यायचा. एक लव्हाळा राहिला तरी म्हणायचा, “मावशी, हा काय भाजीला ठेवलाय?” त्यामुळे गवत दिसलं की माझा हात थांबत नाही. कडेपासून धरलं आणि सगळी बाग खुरपून काढली. कोल्हा उठला, इकडंतिकडं बघून फाटकातून बाहेर गेला. मला वाटलं, चरायला गेला असेल.

पोरगी आली, बूट न काढता टीव्ही लावला.

“आजी, गवत कुठंय?”

“काढलं. किती माजलं होतं.”

“अगं, तो गवतातच राहतो! मी मुद्दाम वाढवलं होतं!”

सून आतून म्हणाली, “आई, खेळ आहे तो. शेत न्हवं.” ‘न्हवं’ हे माझंच बोलणं, ती नेहमी माझी नक्कल करते. लेक हसला. “आईच्या हाताखाली गवत जगलंय कधी?”

पोरगी हसली नाही. रडलीही नाही. रडली असती तर समजूत काढली असती.

दुसऱ्या दिवशी तिनं मला नवीन बाग उघडून दिली. “ही तुझी. यात काय करायचं ते कर.” सून आल्यावर सुरुवातीला मी लेकाची चूल वेगळी करून दिली होती, तेव्हा मीही असंच बोलले होते. पोरीची बाग आता टॅबवर आहे, आतल्या खोलीत. कोल्हा परत आला की नाही, मला सांगत नाही. मीही विचारत नाही.

माझ्या बागेत मेथी आणि वांगी सरळ ओळीत आहेत. एकही प्राणी येत नाही. गवत ठेवायला हवं, हे मला आता कळतं. दोनदा वाढू दिलं. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी उपटलं.

परवा ती पाणी प्यायला बाहेर आली, पडद्याकडं बघून म्हणाली, “आजी, असं केलंस तर कोणी येणार नाही.”

“नको येऊ दे,” मी म्हटलं.

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.