तळाचं पाणी

लातूरच्या भाजीबाजारात कासीमभाई बागवानांची जागा रिकामी दिसली. शेजारी मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बाईनं मान वर न करताच सांगितलं, की ते परवा गेले. मी भाजीची पिशवी तिथंच विसरून घरी आलो. त्याला आता सहा आठवडे होतील. तेव्हापासून वर्तमानपत्र उघडतो, मिटतो, अंगणात जातो, परत येतो... लिहायला बसलो तरी कुठून धरावं कळत नाही.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. मी शाळेत नवा मास्तर होतो आणि आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला कासीमभाईंचा मळा होता. विहिरीवर मोट, मोटेचं पाणी दगडी हौदात, आणि हौदात मांजरा नदीतून आणून सोडलेले मासे. त्यांना ते कोंडा आणि भाकरीचे तुकडे घालत. माशांची घाण तळाशी बसे. हौदाच्या बुडाला एक भोक होतं, त्यात चिंध्यांचा बोळा. दोन-तीन दिवसांनी तो बोळा काढून ते हिरवट, गढूळ पाणी वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांत सोडत आणि वरून ताजं पाणी भरत. मुरुडच्या बाजारातही त्यांची वांगी आधी संपत. एकदा मी नाक दाबून विचारलं, हे कसलं खत? ते म्हणाले, "माशाला नको ते वांग्याला पायजे, मास्तर. मी निस्ता मधी हुबा हाय."

एका पावसाळ्याच्या शेवटी गल्लीत ताप आला. माझी चार वर्षांची लेक सुमन अकरा दिवस तापली. बायको रोज म्हणे, वास तिकडूनच येतो. गल्लीतल्या हिंदू-मुसलमान सगळ्यांनीच ठरवलं, की तहसीलीत अर्ज देऊन हौद बुजवायला लावायचा. अर्ज उर्दूत लागे आणि माझं उर्दू अक्षर चांगलं होतं. लेक कण्हत असताना तिच्या उशाशी बसून मी तो लिहिला. सडलेलं पाणी, लेकरांच्या जिवाला धोका... लिहिताना हात कुठंच अडला नाही, हे आज जास्त टोचतं.

पंधरा दिवसांनी कासीमभाई हुकूम घेऊन माझ्याच दारात आले. त्यांना वाचता येत नव्हतं. हुकुमाला अर्जाची नक्कल जोडलेली होती. दोन्ही वाचून दाखवा म्हणाले. मी माझीच वाक्यं खाली मान घालून त्यांना वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि थोडा वेळ उंबऱ्याशी तसेच उभे राहिले. मी कागदाची घडी करून त्यांच्या हातात दिली. सुमन कशी आहे, एवढं विचारून ते गेले.

त्यांनी मासे घागरींतून परत नदीत नेऊन सोडले. तळाचा काळा गाळ टोपल्यांनी मळ्यात पसरला आणि हौद दगडमातीनं भरून टाकला. सुमन बरी झाली, पण गल्लीतला ताप दिवाळीपर्यंत हटला नाही. जिथून हौद दिसतही नव्हता, त्या आळीतली माणसंही तापत होती. त्या साली गाळावर वांगी चांगली आली. पुढच्या सालापासून मळा उतरत गेला. शेवटी मोटेचे बैल गेले आणि कासीमभाई दुसऱ्यांच्या मळ्यातली भाजी घेऊन बाजारात बसू लागले. चाळीस वर्षं मी त्यांच्याकडूनच भाजी घेतली. ते माझ्यासाठी कोवळी वांगी निवडून बाजूला ठेवत. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो...

तीन आठवड्यांपूर्वी एका जुम्म्याला त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या बायकोला, अमीनाभाभींना, सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "त्यांना ठावं होतं. कागद देतानाच शिपायानं सांगितलं होतं."

मग वाचून घ्यायला माझ्याकडं का आले, मी विचारलं.

"तुमी सांगाल म्हणून."

त्यांच्या परसात जनावरांना पाणी पाजायची एक जुनी दगडी डोण आहे. तिच्यात बोटभर लांबीचे चार-पाच मासे. कासीमभाई रोज सकाळी तळातलं पाणी तांब्यानं काढून कढीपत्त्याच्या झाडाला घालत. आता भाभी घालतात. हल्ली सकाळी फिरायला निघालो, की माझे पाय तिकडंच वळतात. भाभी बसा म्हणतात. मी उभाच राहतो. त्या तांब्या हळूच तळापर्यंत नेतात, मासे एका बाजूला सरकतात, आणि पाणी झाडाच्या बुंध्याशी जिरत जातं.