खाचरातली वीतभर माती

माझं पोट मातीच्या कणांवर चालतं. प्रयोगशाळेत माती चाळायची, बारीक उरेल ती पाण्यात ढवळायची आणि कुठला कण किती वेळात तळाला बसतो ते बघायचं. संथ पाण्याने आणलेली माती एकसारखी बारीक असते. डोंगर घसरून आला असेल तर धोंडे, वाळू, चिकणमाती सगळं एकत्र सापडतं. हे मी लोकांना फार ऐटीत सांगायचो.

तळेघरच्या वरच्या अंगाला आमचं भाताचं खाचर होतं. थोरल्या भावाला तिथं घर बांधायचं होतं, पण मागे डोंगराचा उतार. तो म्हणाला, "तू मातीतला शिकलेला. बघून सांग, मगच बांधतो."

मी वीतभर खणलं आणि माती घेतली. आणखी खणत बसलो असतो तर एसटी चुकली असती. बरणीत सगळा गाळ एकसारखा बारीक बसला. फोनवर सांगितलं, "तिथं डोंगर कधी आलेला नाही. खुशाल बांध."

त्याच खाचरात मी लहानपणापासून चिखल तुडवलाय. दरवर्षीच्या चिखलणीत खडे खाली जातात आणि बारीक गाळ वर बसतो. बरणीतली ती माती आमच्याच पायांनी बारीक केलेली होती. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात उतार सुटला. मागची भिंत वहिनीच्या पायावर पडली. मी पोचलो तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं. उघड्या पडलेल्या जमिनीत, खाचराच्या गाळाखाली, धोंडे, वाळू, चिकणमाती सगळं एकत्र होतं. म्हणजे डोंगर पूर्वीही आला होता. मी पिशवीत नमुना भरला, वर तारीख लिहिली. रडू येईल असं वाटलं होतं. अजून आलेलं नाही.

चूक माझी, असं मी भावाला सांगितलं. "असू दे," एवढंच तो म्हणाला.

आता ते खालच्या वाडीत पत्र्याच्या खोलीत राहतात. वहिनी काठी घेऊन चालते. दिवाळीला गेलो तर शेजारचा एक जण मातीची पिशवी घेऊन बसलेला. त्यालाही उतारालगतच्या खाचरात घर बांधायचं होतं.

भाऊ त्याला म्हणाला, "आमच्या भावाला इचारा, राव. त्याला मातीतलं लई कळतं."

"किती खालची आहे?" मी विचारलं.

त्याने वीत दाखवली.

चुलीपाशी बसलेली वहिनी मान वर न करता म्हणाली, "भावजी, आदी पुरुषभर खणायला लावा त्यांना."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी वाटलं असतं.