बसक्या मोटारीचं कातडं

गाडीवानमामांनी मला त्या गावात टिकवलं, हे आधी लिहून ठेवतो. मोटारीचं रडगाणं मग. त्यांचं नाव लिहीत नाही. गावातही कोणी घेत नसे. मालकांच्या घरची बैलगाडी हाकणारा म्हातारा म्हणून सगळे त्यांना गाडीवानच म्हणत, आणि मी मामा म्हणायचो. मी कोकणातला. बाप गेल्यावर मराठी चौथीतून शाळा सुटली. मुंबईत एका गॅरेजात गाड्या धुण्यापासून सुरुवात केली, मग चालवायला आणि खोलायला शिकलो, आणि कोणाच्या तरी ओळखीनं मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, मानवतजवळच्या एका गावात, मालकांचा ड्रायव्हर म्हणून येऊन पडलो. स्टेशनवर मला न्यायला मोटार येईल असं वाटलं होतं. आली बैलगाडी. मोटार बंद होती. "म्हून तर तुला बोलिवलंय," मामा म्हणाले आणि फडक्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

मालक कापसाचे व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, खाणंपिणं साधं. शौक एवढा एकच. हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या मेव्हण्याकडून त्यांनी ती मोटार घेतली होती. दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची, मागे होडीसारखी निमुळती. एके काळी सिकंदराबादेत गोरे साहेब तिच्यावर शर्यती लावत असत म्हणे. लावत असतील. माझ्या हाती आली तेव्हा ती शर्यत लावून थकलेल्या म्हाताऱ्यासारखी झाली होती. कुठून ना कुठून काही तरी गळायचं.

आणि गाडी बसकी. आपल्याकडचे रस्ते बैलगाड्यांनी पाडलेले. दोन बाजूंना दोन खोल चाकोऱ्या, मधे मातीचा उंचवटा. चाकं चाकोरीत गेली की तिचं पोट त्या उंचवट्यावर घासायचं. तेलाची टाकी त्याच पोटात. पावसाळा संपून काळी माती वाळली की तो उंचवटा दगडासारखा होतो. टाकी किती वेळा फुटली आणि किती वेळा डाग दिला, याची गणती ठेवली नाही. रेडिएटर गळायचा, त्यात जवसाचं पीठ घालायचो, ते फुगून भोकं बुजवायचं, आणि भोकांबरोबर चांगल्या नळ्याही बुजवायचं, मग पाणी उकळायचं. बाभळीचे काटे ट्यूबमध्ये. कमानीची पानं तुटलेली. पहाटे दव पडलं की इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो रुसायचा, तो काढून मालकीणबाईंच्या चुलीजवळ शेकायला ठेवायचा, त्या हसायच्या, म्हणायच्या, "तुझं लेकरू निजिवलंस का?"

सुटा भाग मागवायचा म्हणजे मुंबईला लिहायचं. मुंबईवाले पैसे मागणार इंग्रजांचे कळदार, आपल्याकडे चालायचा निजामाचा हाली रुपया, बदलताना बट्टा जायचा. माल सरहद्दीवर आला की करोडगिरीचे लोक खोकं उघडून बसायचे आणि जकात सांगायचे. एका लहानशा स्प्रिंगसाठी मालकांनी जे मोजलं त्यात चांगली गाय आली असती, असं ते स्वतःच एकदा म्हणाले. म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. स्प्रिंग मी मोडली नव्हती, पण मोडलेल्या गाडीचा ड्रायव्हर म्हटलं की प्रत्येक तुटीत आपलाच हात असल्यासारखं वाटतं. रात्री अंथरुणावर पडलं तरी कानात तिचेच आवाज. उद्या काय जाईल? घरी आई आणि दोन बहिणी माझ्या मनिऑर्डरीवर होत्या.

अशातच दसरा आला. मालकांनी दहा लोकांत सांगून ठेवलं होतं की यंदा शिलंगणाला आपण मोटारीतून जाणार. मला वेगळं बोलावून सांगितलं, त्या दिवशी मान खाली जायला नको. मी आठ दिवस आधीपासून गाडीच्या मागे लागलो. टाकी, नळ्या, ट्यूब, सगळं बघितलं. खंडेनवमीच्या सकाळी ती धुतली, पायाखालच्या फळ्या काढून आतली धूळ झटकली आणि वाळायला उघडीच ठेवली. त्या दिवशी घरातलं झाडून सगळं औजार अंगणात येतं. कुळव, पाभर, कुऱ्हाडी, विळे, तराजू, कापसाचे आकडे, सगळं धुऊन, तेल देऊन ओळीनं मांडायचं, कुंकू लावायचं. त्या ओळीत मोटारही उभी. आणि एकदा पूजा झाली की त्या दिवसापुरता औजाराला विसावा. कोणी हात लावायचा नाही, वापरायचं नाही. मी ओढ्यावर कपडे धुवायला गेलो. आलो तर मोटार नुसती चमकत होती. बिजागऱ्या, चाकांच्या तारा, दिवे, सगळ्यांवर तेलाचा हात फिरला होता. फळ्याही कोणी नीट बसवून ठेवल्या होत्या. मला बरं वाटलं. सुरू करून बघावी असं मनात आलं, पण नारळ फुटला होता, विसावा होता. राहिलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळायचं नाही. या जुन्या गाड्यांत इंजिन आणि चाकं एकमेकांना जोडायला एक लोखंडी शंकू असतो, त्यावर चामड्याचा पट्टा चढवलेला. तो शंकू समोरच्या पोकळ चाकात घट्ट दाबून बसतो, चामडं लोखंडाला धरतं आणि गाडी हलते. त्याला क्लच म्हणतात. सगळा खेळ त्या चामड्याच्या पकडीवर.

दसऱ्याला दिवस कलताना मालक डोक्याला जरीचा रुमाल बांधून मोटारीत बसले. सगळं गाव वेशीपाशी. मी इंजिन सुरू केलं, ते छान लागलं. गिअर टाकला, क्लचवरचा पाय सोडला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही. पुन्हा केलं. पुन्हा नुसता आवाज, आणि फळ्यांच्या फटींतून निळा धूर, करडीचं तेल करपल्याचा वास. भजी तळायलाय का काय, असं मागून कोणी तरी म्हणालं. मालक समोर बघत म्हणाले, "काय झालं?" मी इंजिन बंद केलं.

मामांनी काही न विचारता बैल सोडून आणले, शिंगांना गोंडे बांधलेलेच होते, आणि दोरानं मोटारीला जुंपले. तशी आमची मिरवणूक शिलंगणाला गेली. पुढे बैल, मागे शर्यतीची मोटार, तिच्यात मालक ताठ बसलेले आणि मी नुसतंच स्टिअरिंगचं चाक धरून. एक म्हातारा रस्त्याकडेनं म्हणाला, "मालकाच्या मोटारीनं बैल पाळलेत बाबा." लोक लय हसले. आपट्याची पानं घेताना मालकांचा हात हलत होता, चेहरा नाही.

परत आल्यावर अंगणात मी फळ्या काढल्या. चामडं तेलात भिजून काळं झालेलं. मालक वर उभे होते. कोणी हात लावला, त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत मामा पुढे झाले.

"म्या तेल दिलं, मालक. चामडं लय वाळलं व्हतं आतलं. मोटंला देतो तसं दिलं."

विहिरीवरची चामड्याची मोट वाळून तडकू नये म्हणून तिला तेल पाजतात. मामांनी जन्मभर तेच केलं होतं. सणाच्या दिवशी घरातलं एक चामडं तहानलेलं दिसलं, त्यांनी त्याला तेल पाजलं. त्यात वाईट काय होतं? मालक त्यांना काही बोलले नाहीत. मामा त्यांच्या वडिलांच्या वेळचे. ते माझ्याकडे वळले.

"या गाडीत आता एक रुपया घालणार न्हाई मी. दिवाळीच्या आत चालली तर ठीक. न्हाई तर हैदराबादचा दलाल येऊन घेऊन जाईल, काय देईल त्यात. मग तुझं काय काम हाय इथं?"

ते रागानं बोलले नाहीत. थकून बोलले, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. रागावलेला माणूस उद्या निवळतो.

मी चामडं पेट्रोलनं धुतलं. चुलीतली राख चोळली. मुलतानी माती भुरभुरली. गाडी चार पावलं जायची, पुन्हा घसरायची; शेवटी घसरून घसरून चामडं करपलं आणि त्याला भेगा पडल्या. आता नवंच हवं होतं. मुंबईला लिहून, बट्टा भरून, करोडगिरी भरून ते येईपर्यंत दिवाळी होऊन जाणार, आणि पैसे तर मालक देणारच नव्हते. गावातल्या चांभारांकडे जोड्यांचं चामडं होतं, ते पातळ. मोटेचं चामडं होतं, ते पखालीसारखं जाड. मामा दोन्ही वेळा माझ्याबरोबर आले होते. मला कसलं हवं ते त्यांनी बोटांत धरून धरून विचारून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी ते दिसलेच नाहीत. मी पत्र्याची पेटी काढली आणि कपडे घडी करून ठेवले, उगाच. करायला दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी ते आले, काखेत एक गुंडाळी. अंगणात उलगडली. पिवळसर, कोवळं, एकसारख्या जाडीचं कातडं.

"हे चालंल का बघ."

मी हात फिरवला. हवं तसंच होतं. मग एका कडेला शिवणीची भोकं दिसली, नुकतीच उसवलेली. मोटेला खाली हत्तीच्या सोंडेसारखी एक नळी असते, विहिरीतून मोट वर आली की तिच्यातून पाणी काठावरच्या थारोळ्यात पडतं. तिचं कातडं मोटेपेक्षा पातळ आणि लवचीक असतं. मामांची गावाबाहेर भावाबरोबर भागीतली विहीर होती, तिच्यावर कांद्याचा आणि गव्हाचा तुकडा. त्या वर्षी त्यांनी नवी मोट बांधून घेतली होती.

"मामा, ही सोंड हाय?"

"नवी हाय. पानी बी बघितलं न्हाई तिनं अजून."

"मग पाणी कशानं काढणार?"

"बादली हाय की," ते म्हणाले. "तू काप."

मी वर्तमानपत्राचा कागद शंकूवर गुंडाळून माप घेतलं. मग जपून कापायला घेतलं. चुकलो तर दुसरी सोंड नव्हती. मामांनी दुसरीकडून कातडं ताणून धरलं आणि माझ्या हाताकडे पाहिलंच नाही, तिसरीकडे बघत बैलांच्या गोष्टी सांगत राहिले. कातडं भिजवलं, शंकूवर ओढून चढवलं, तांब्याचे रिबिट ठोकून त्यांची डोकी आत बसवली आणि वाळू दिलं. शंकू आत घालून स्प्रिंग दाबायला दोघांचं वजन लागलं. मामा तिच्यावर बसले आणि म्हणाले, जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसलो ते असं.

दिवाळीच्या आधी मी मालकांना फेरी मारायला बोलावलं. पाय सोडला तशी गाडी टोळासारखी उडी मारून निघाली. मालकांचा रुमाल मागे पडला. नव्या चामड्याला मऊपणा नव्हता, ते धरायचं ते एकदम धरायचं. पण धरायचं. स्टेशनच्या रस्त्याला जाऊन आलो. उतरताना मालक म्हणाले, "ऱ्हा मग." एवढंच. मी पेटीतले कपडे काढून पुन्हा खुंटीला टांगले.

थोड्याच दिवसांत मागची कमान तुटली, मग रेडिएटर, मग आणखी काही. ते रडगाणं चालूच राहिलं, पुढे पेट्रोल मिळेनासं होऊन मालकांनी गाडी विकेपर्यंत. पण त्या हिवाळ्यातलं मला आठवतं ते मामांच्या विहिरीवरचं. सोंडेवाचून मोट निकामी. मामा आणि त्यांचा भाऊ बादलीनं पाणी ओढायचे. मीही काम आटोपलं की जायचो, दोराला हात लावायचो. हाताला घट्टे पडले, गव्हाला पाणी पुरलं नाही. कांदा कसाबसा आला. गहू जागेवर वाळला.  मी विषय काढला की मामा म्हणायचे, तुझी मोटार कशी हाय, धरायलीय का?

आता मी परभणीत सरकीची लॉरी चालवतो. घरापासून अजून तेवढाच लांब. तिचा क्लच लोखंडी आहे, त्याला चामडं लागत नाही. मामांचं काम सुटलं. ते लेकीकडे चारठाण्याला असतात. तिथं जावयाची विहीर आहे, मोट जुनी आहे, ठिगळं लावलेली, असं तिकडून आलेला माणूस सांगत होता. मामा, तुम्हाला वाचता येत नाही, कोणी तरी वाचून दाखवील. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एकदा उरकू द्या. मी जिंतूरच्या रस्त्यानं लॉरी घेऊन येईन, आणि मागे नवी मोट असेल, सबंध, सोंडेसकट. तेल मात्र तुम्हीच पाजायचं.